एक्केचाळिसावं आडनाव

“म्हणजे एकूण किती भरल्या?” केळुसकर सरांनी विचारलं.

“एक्केचाळीस प्रजाती, सर. आपल्या सबंध घाटातल्या. कोण कुणापासून फुटला, कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, सगळं मांडलंय.” निशिकांतसाहेबांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. टेबल जरा हललं.

“वजन किती?”

“पुस्तकाचं? असेल दीडेक किलो.”

“आणि ढेकणाची लांबी?”

साहेब हसले. “चार मिलिमीटर, सर. तुमच्या कृपेने.”

हे झाडावरचे ढेकूण. पानांचा रस पिऊन जगणारे. प्रजाती म्हणजे त्यांचं आडनाव, असं सरांनी मला फार पूर्वी सांगितलं होतं. कॉलेजच्या कीटकसंग्रहात मी पेट्या पुसायचो, तेवढंच माझं शास्त्र. सर निवृत्त झाले होते, तरी रोज दुपारी येऊन बसत. निशिकांतसाहेब त्यांचे सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे साहेबांनाही ठाऊक होतं.

“सोमवारी छापायला जातंय. प्रस्तावना तुमचीच हवी. दुसऱ्या कुणाची मला चालणार नाही.”

सर पानं उलटत राहिले. सातव्या प्रकरणाशी थांबले. बोट तसंच पानावर...

“चाळीस,” ते म्हणाले.

“काय चाळीस?”

“एक्केचाळीस नाहीत. चाळीस आहेत.”

“सर, नऊ वर्षं मोजतोय मी. माझी चूक काढणारा अजून जन्माला यायचाय.”

सर उठले. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणातून त्यांनी तळहाताएवढी पेटी काढली आणि झाकण उघडून साहेबांपुढे सरकवली.

आत एकच टाचणी. तिच्यावर कागदाचे दोन तुकडे, आणि त्यांना चिकटवलेले दोन ढेकूण. एक लांबट, पंखांचा. दुसरा बिनपंखांचा, कमरेत बारीक, थेट मुंगीसारखा.

साहेबांनी भिंग लावलं. “हा पंखवाला इंग्रजांच्या काळापासून माहीत आहे. आणि ही बिनपंखांची, आगाशे सरांनी शोधलेली प्रजाती. तुमच्या गुरूंची. दोघांना एका टाचणीवर कुणी ठेवलं? यांचं लांबचंसुद्धा नातं नाही.”

“चिठ्ठी वाच.”

टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी होती. साहेब मोठ्यानं वाचू लागले. “धायटीच्या फांदीवर. जोडी लागलेली असताना...”

पुढे वाचेनात.

“नर आणि मादी,” सर म्हणाले. “एकाच घरातले. आगाशे सरांनी मादी तेवढी पाहिली, आणि तिला परक्या घरची ठरवली.”

“तारीख एकतीस वर्षांपूर्वीची आहे.”

“हो.”

“अक्षर तुमचं आहे, सर.”

“हो.”

साहेब माझ्याकडे वळले. “मामा, तुम्हालाही माहीत होतं?”

ती फांदी मीच वाकवून धरली होती.

“मला काय कळतं साहेब,” मी म्हणालो.

साहेबांचा आवाज चढला. “तुम्ही आम्हाला ही प्रजाती वर्गात शिकवलीत! फळ्यावर चित्र काढून! तिच्यावरच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क दिलेत!”

“दिले.”

“मग हे का नाही छापलंत?”

सरांनी चष्मा काढला. “आगाशे सर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. उभ्या जन्मात त्यांची ही एकच प्रजाती. भेटायला गेलो की विचारायचे, ‘काय म्हणते माझी मुंगी?’ म्हटलं, ते गेल्यावर छापू.”

“त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली.”

“तोवर मी पाच वर्षं तेच शिकवून बसलो होतो...”

वर पंखा कुरकुरत होता. मी फडका हातात घेऊन उभा होतो. पुसायचं काही सुचेना.

“निदान मला तरी सांगायचं,” साहेब म्हणाले. “नऊ वर्षांपूर्वी.”

“तू विचारायला आला नाहीस.”

“तुमच्याकडून शिकलेलं तपासायचं नसतं, असं वाटलं होतं मला.”

सरांनी मान खाली घातली. इतकी वर्षं त्यांच्यासोबत काढली, पण त्यांची मान अशी कधी पाहिली नव्हती.



“दुसऱ्या कुणाला माहीत आहे?” साहेबांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

“नाही.”

“माझी अर्धी मांडणी तिच्यावर उभी आहे, सर. ती काढली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. नऊ वर्षं...”

“हो.”

“आणि कुणाचं काय अडतंय? ढेकणाला थोडंच कळणार आहे स्वतःचं आडनाव?”



साहेबांनी पानं गोळा केली. टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या. “जाऊ दे छापायला. दुसऱ्या आवृत्तीत बघू. प्रस्तावनेचं मी बघतो काहीतरी.”

सरांनी तेव्हा वर पाहिलं. रागानं नाही. पुष्कळ वर्षांनी ओळखीचा माणूस दिसावा, तसं.

मग त्यांनी पेटीचं झाकण हलकेच लावलं. मी खण उघडायला वाकलो, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. दोन्ही हातांनी पेटी उचलली आणि साहेबांच्या ओंजळीत ठेवली.

साहेबांना ती धरवेना, टाकवेना. “हे काय, सर?”

“दर वर्षी डांबरगोळी बदलत जा,” सर म्हणाले. “कीड लागू द्यायची नाही. मी एकदाही चुकवलं नाही.”