आई लाडू खाईना, ठिपकीला कण मिळेना

एक होती मुंगी. केवढी? एवढीशी. नाही, नाही, त्याहून छोटी. आपण पेन्सिलीने ठिपका काढतो ना, तेवढी. म्हणून तिचं नाव ठिपकी.

ठिपकीला नुकतंच बाळ झालं होतं. पांढरं पांढरं, रव्याच्या कणाएवढं. मुंगीचं बाळ कसं रडतं, माहितेय? ट्यूं! बस, इतकंच. पण सारखं.

ठिपकी राहायची भिंतीच्या भेगेत. भेगेसमोर होता एक पलंग. पलंगावर होती आणखी एक आई. तिलाही नुकतंच बाळ झालं होतं. तिचं बाळ मात्र चांगलं मोठं होतं. म्हणजे उशीएवढं. ते रडायचं, ट्यँहँ! खिडक्या थरथरायच्या.

रोज सकाळी आजी त्या आईला डिंकाचा लाडू द्यायची. नव्या बाळाच्या आईने तो खायचाच असतो. मग अंगात ताकद येते. लाडू कसला कडक! आईने चावला की आवाज यायचा, कटाक्! एक कण उडायचा आणि खाली पडायचा, टुप्प! तो कण ठिपकीचा. हे ठरलेलंच होतं. कोणी ठरवलं? ठिपकीने!

एके दिवशी सकाळी ठिपकी पलंगाखाली येऊन बसली. तिने वाट बघितली. कटाक् नाही. टुप्प नाही. कणच नाही!

लाडू तर होता. स्टुलावर होतं ताट. ताटात होती वाटी. वाटीत होता लाडू. पण ताटात होतं पाणी! मुंग्या लागू नयेत म्हणून आजीने ओतलेलं. आजी भलतीच हुशार. आणि ठिपकीला पोहता येत नव्हतं.

भेगेतून आवाज आला, ट्यूं! ठिपकीच्या बाळाला भूक लागली होती.

ठिपकी निघाली. तुरू तुरू तुरू. पलंगावर चढली.

"आई आई, लाडू खा ना!"

आई म्हणाली, "कसा खाऊ गं? एका हातात बाळाचं डोकं. दुसऱ्या हातात बाळाचे पाय. बाळ झोपेल, तर मी लाडू खाईन."

तेवढ्यात मोठा आवाज झाला. गुर्रर्र! ठिपकी घाबरली. वाघ आला की काय? वाघ नव्हता. आईचं पोट होतं.

"अगं बाई, हिलाही भूक लागलीय," ठिपकी म्हणाली. "हिला कोणी विचारलंच नाही वाटतं!"

ठिपकी निघाली. तुरू तुरू तुरू. बाळाच्या कानापाशी गेली.

"बाळा बाळा, झोप ना!"

"का झोपू?"

"आई लाडू खाईना,
मला कण मिळेना!"

बाळ म्हणालं, "ट्यँहँ! मी नाही झोपणार. पाळणा हलेल, तर मी झोपेन."

ठिपकी निघाली. तुरू तुरू तुरू. पाळण्यावर चढली.

"पाळण्या पाळण्या, हल ना!"

"का हलू?"

"बाळ झोपेना,
आई लाडू खाईना,
मला कण मिळेना!"

पाळणा म्हणाला, "मी नाही हलणार. आपोआप कसा हलू? आजी दोरी ओढेल, तर मी हलेन."

ठिपकी निघाली. तुरू तुरू तुरू. आजी बसली होती शेगडीपुढे. गाल फुगवून फुंकत होती. फू! फू! फू! नाकाला काळं लागलं होतं.

"आजी आजी, दोरी ओढ ना!"

"का ओढू?"

"पाळणा हलेना,
बाळ झोपेना,
आई लाडू खाईना,
मला कण मिळेना!"

आजी म्हणाली, "मी नाही ओढणार. बाळाला शेकायचंय. फू! शेगडी पेटेल, तर मी दोरी ओढेन. फू!"

त्या फुंकरीने ठिपकी उडालीच. थेट शेगडीच्या कडेवर जाऊन पडली. बरंच झालं, चालायला नको!

"शेगडी शेगडी, पेट ना!"

"का पेटू?"

"आजी दोरी ओढेना,
पाळणा हलेना,
बाळ झोपेना,
आई लाडू खाईना,
मला कण मिळेना!"

शेगडी म्हणाली, "फुस्स! मी नाही पेटणार. खोलीत वाराच नाही. खिडकी उघडेल, तर मी पेटेन."

ठिपकी निघाली. तुरू तुरू तुरू. खिडकीवर चढली.

"खिडकी खिडकी, उघड ना!"

"का उघडू?"

"शेगडी पेटेना,
आजी दोरी ओढेना,
पाळणा हलेना,
बाळ झोपेना,
आई लाडू खाईना,
मला कण मिळेना!"

खिडकी म्हणाली, "मी नाही उघडणार. बाळाच्या आईला वारा लागेल, असं आजी म्हणाली. म्हणून बाबांनी माझ्या फटीत बोळा कोंबलाय. स्वतःच्या मोज्याचा! शी! बाबा बोळा काढतील, तर मी उघडेन."

म्हणजे बघा हं. आजीच्या शेगडीला हवा वारा. आणि वाऱ्याला बंदी कोणाची? आजीचीच! आता आहे की नाही गंमत?

ठिपकी निघाली. तुरू तुरू तुरू. दाराच्या खालून अंगणात गेली. अंगणात दोरीवर लंगोटच लंगोट. बाबा त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होते. फटाक फटाक. एका पायात मोजा होता. दुसऱ्या पायात नव्हता.

"बाबा बाबा, बोळा काढा ना!"

"का काढू?"

"खिडकी उघडेना,
शेगडी पेटेना,
आजी दोरी ओढेना,
पाळणा हलेना,
बाळ झोपेना,
आई लाडू खाईना,
मला कण मिळेना!"

बाबा म्हणाले, "मी नाही काढणार. बाळाला एकही कोरडा लंगोट नाही! लंगोट वाळतील, तर मी बोळा काढेन."

ठिपकी निघाली. तुरू तुरू तुरू. दोरीवर चढली.

"लंगोटांनो लंगोटांनो, वाळा ना!"

"का वाळू?"

"बाबा बोळा काढेनात,
खिडकी उघडेना,
शेगडी पेटेना,
आजी दोरी ओढेना,
पाळणा हलेना,
बाळ झोपेना,
आई लाडू खाईना,
मला कण मिळेना!"

लंगोट म्हणाले, "टप टप! आम्ही नाही वाळणार. टप टप! ऊन येईल, तर आम्ही वाळू."

ऊन होतं अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. ठिपकी निघाली. तुरू तुरू तुरू. तिने मोठा श्वास घेतला. तुम्हीही घ्या. लागणार आहे.

"उन्हा उन्हा, इकडे ये ना!"

"का येऊ?"

"लंगोट वाळेनात,
बाबा बोळा काढेनात,
खिडकी उघडेना,
शेगडी पेटेना,
आजी दोरी ओढेना,
पाळणा हलेना,
बाळ झोपेना,
आई लाडू खाईना,
मला कण मिळेना!"

ऊन म्हणालं, "मी नाही येणार. माझ्या अंगावर बोका झोपलाय. केवढा जड आहे, बघ! बोका उठेल, तर मी येईन."

खरंच की! उन्हावर झोपला होता ढब्बू बोका. पोट वर. पाय चारी दिशांना. घुर्रर्र... घुर्रर्र...

"बोक्या बोक्या, ऊठ ना!"

"का उठू?"

"ऊन येईना,
लंगोट वाळेनात,
बाबा बोळा काढेनात,
खिडकी उघडेना,
शेगडी पेटेना,
आजी दोरी ओढेना,
पाळणा हलेना,
बाळ झोपेना,
आई लाडू खाईना,
मला कण मिळेना!"

बोक्याने एक डोळा उघडला. "काय म्हणालीस? मला मध्येच झोप लागली. पहिल्यापासून सांग."

काय करणार? ठिपकीने पुन्हा सांगितलं. या वेळी भरभर, एका दमात.

"ऊनयेईना लंगोटवाळेनात बाबाबोळाकाढेनात खिडकीउघडेना शेगडीपेटेना आजीदोरीओढेना पाळणाहलेना बाळझोपेना आईलाडूखाईना मलाकणमिळेना! हुश्श!"

"हां, आता ऐकलं," बोका म्हणाला.

"मग ऊठ ना!"

"मी नाही उठणार."

"कोण काय करेल, तर तू उठशील?"

"कोणी काहीही केलं, तरी मी नाही उठणार." आणि बोका झोपला. घुर्रर्र...

आता आली का पंचाईत! ठिपकीने पुढे बघितलं. पुढे कोणी नाही. आता कोणाकडे जायचं? सगळे संपले. उरली कोण? एकटी ठिपकी.

ती मटकन खाली बसली. तिला रडूच यायला लागलं.

घरातून आवाज आला, ट्यँहँ! भेगेतून आवाज आला, ट्यूं! आणि त्या दोघांच्या मधे, हळूच, गुर्रर्र!

ठिपकीला राग आला. एवढीशी मुंगी आणि एवढा मोठा राग! ती उठली. बोक्याच्या शेपटीवर चढली. तुरू तुरू तुरू. पोटावरून गेली. तुरू तुरू तुरू. मिशीवरून गेली. आणि शिरली कुठे? बोक्याच्या नाकात! आत जाऊन लागली नाचायला. तुरू तुरू तुरू तुरू तुरू!

"आऽऽक्..." बोका म्हणाला.

"आऽऽऽक्..." बोका म्हणाला.

"आऽऽऽऽक्छी!"

ठिपकी बाहेर उडाली. फर्रर्र! आणि ओल्या लंगोटावर जाऊन चिकटली. चप्प!

आणि बोका? उठला की! ताडकन उठला!

बोका उठला, म्हणून ऊन सुटलं. ऊन धावत दोरीवर आलं.

ऊन आलं, म्हणून लंगोट वाळले. फडफड, फडफड. ठिपकीही वाळली.

लंगोट वाळले, म्हणून बाबा आत पळाले. बाबांनी मोजा ओढला. एक, दोन, तीन... पुक्! बोळा निघाला. बाबाच धपकन खाली बसले.

बोळा निघाला, म्हणून खिडकी उघडली. खट्! थोडासा वारा आला. तो थेट शेगडीकडे गेला.

वारा आला, म्हणून शेगडी पेटली. आजी टाळ्या पिटत म्हणाली, "पेटली गं बाई! माझ्या फुंकरीने पेटली!" असू दे. तिला काही सांगू नका.

शेगडी पेटली, म्हणून आजीने दोरी ओढली. पाळणा हलला. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.

पाळणा हलला, म्हणून आईने बाळाला पाळण्यात ठेवलं. बाळ म्हणालं, "ट्यँहँ... ट्यँ... ट्..." आणि झोपलं.

मग आजी पाळण्यात डोकावली. बाबा डोकावले. बोकाही डोकावला.

"नाक बघा, नाक!" आजी म्हणाली.

"बाळ दूध प्यायलं ना पोटभर?" बाबा म्हणाले.

सगळे बाळाकडेच बघत बसले. आई पण बघत बसली. आणि लाडू? लाडू वाटीतच!

ठिपकी निघाली. तुरू तुरू तुरू. आईच्या खांद्यावर चढली. कानाशी गेली. आता तिने यादी म्हटली नाही. तिने एवढंच विचारलं,

"आई, तू खाल्लंस का गं?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला हसू आलं. ती म्हणाली, "नाही गं! सगळे विचारतात, बाळ झोपलं का? बाळ प्यायलं का? मला तू एकटीनेच विचारलंस."

आजीने ते ऐकलं. बाबांनी ऐकलं. आजीने जीभ चावली. बाबांनी धावत जाऊन वाटी आणली.

आईने लाडू उचलला.

कटाक्!

"श्श्श!" सगळे म्हणाले. बाळ हललं. कोणी श्वास घेईना. बोक्याने शेपटी तोंडात धरली.

बाळाने फक्त ओठ हलवले. झोपलंच होतं.

कटाक्! कटाक्! कटाक्! आईने अख्खा लाडू खाल्ला. नाही, नाही, अख्खा नाही. एक तुकडा तिने बाजूला काढला. कण नाही हं, तुकडा! खोबऱ्यासकट! आणि तो खाली ठेवला. टुप्प!

"अगं, मुंगी!" आजी ओरडली.

"असू दे," आई म्हणाली. "ती माझी मैत्रीण आहे."

"बरं. पण एकच मैत्रीण हं," आजी म्हणाली. आणि ताटात पुन्हा पाणी ओतायला गेली.

ठिपकी तुकडा ओढत ओढत भेगेपाशी आली. हुश्श! बाळाला आधी भरवलं. बाळ म्हणालं, ट्यूं! मग ठिपकीने बाळाला उचललं. दोन पायांत डोकं. दोन पायांत पोट. दोन पायांत शेपटाकडचं टोक. ठिपकीचे सहाही पाय संपले! समोर लाडू आणि खायला पायच नाही. तिचं पोट म्हणालं, गुर्र.

एवढंसं गुर्र! कोणाला ऐकू येणार?

पलंगावरच्या आईला ऐकू आलं. ती खाली वाकली. भेगेशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली,

"ठिपके, तू खाल्लंस का गं?"

आणि तिने हलकीशी फुंकर घातली. अगदी हलकी. ठिपकीचं बाळ डुलायला लागलं. ट्यूं... ट्यू... ट्... झोपलं!

मग ठिपकीने लाडू खाल्ला. कट्. कट्. कट्. कान देऊन ऐका हं, फार बारीक आवाज आहे.

ऐकलात? आता तोच कान, ही गोष्ट जे कोणी वाचून दाखवतंय ना, त्यांच्या पोटाला लावा. गुर्रर्र येतंय का? येतंय? मग बघता काय! आधी विचारा, "तू खाल्लंस का?" आणि मग पळा लाडू आणायला. तुरू तुरू तुरू!