यमूचे उत्तर

घाटाखालच्या एका गावात केशव नावाचा तांबट राहत होता. त्याची थोरली बहीण यमू त्याच्याकडेच असे. तिला कुठलीही गोष्ट उशिरा समजे आणि बोलायला त्याहून उशीर लागे. तिचे उत्तर येईपर्यंत कुणी थांबत नसे. पुढे पुढे तिला काही विचारणेच बंद झाले.

एका वर्षी तापात तिचा उजवा हात लुळा पडला. वैद्य आले. ओसरीवर बसून त्यांनी आणि केशवने ठरवले, सकाळी मुठीत वाळू दाबायची, दुपारी मनगट पिळायचे. यमू दाराआडून ऐकत होती. तिला कुणी "ये, बस" म्हटले नाही.

दुसऱ्या दिवसापासून यमूने हात पदराखाली लपवला. कुणी जवळ आले की ती किंचाळे.

वैद्य म्हणाले, "तिला कळत नाही. धरून करून घ्या."

तिला धरले. तेव्हापासून यमू गोठ्यात जाऊन बसू लागली. दिवसचे दिवस ती कुणाशी बोलेना. हातही तसाच राहिला.

शेवटी केशवने शेजारगावच्या भागीरथीबाईंना बोलावले. त्याही औषधपाणी करत. त्या थेट गोठ्यात गेल्या आणि यमूपाशी जमिनीवर बसल्या.

"यमूताई, हात बरा झाला तर काय कराल?"

यमूने मागे वळून पाहिले. ताई कुणाला म्हटले, ते तिला उमगेना.

केशव म्हणाला, "तिला काय विचारता? हाताने जेवता आलं म्हणजे झालं."

"हात त्यांचा आहे. मी त्यांना विचारलंय."

बाई उत्तराची वाट पाहत बसल्या. गाय रवंथ करत होती. बऱ्याच वेळाने यमू म्हणाली, "विहीर."

"पाणी भरायचंय?"

"नाही. बायका... तिथं बोलतात."

मग दोघींनी मिळून ठरवले. वाळू नको, दोर ओढायचा. सकाळी हात फार दुखतो, म्हणून उन्हे चढल्यावर. यमूने "पुरे" म्हटले की थांबायचे.

हात पुरता बरा झाला नाही. पण पावसाळा सरल्यावर यमू अर्धी कळशी घेऊन विहिरीवर जाऊ लागली.

एकदा केशव त्या वाटेने जात असता विहिरीवर कुणीतरी खळखळून हसले. आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. वळून पाहतो तो यमू! जन्मभर एका घरात राहून त्याने तिचे हसणे कधी ऐकले नव्हते. तिला हाक न मारता, मान खाली घालून तो एकटाच घरी गेला.

तात्पर्य: ज्याचा उपचार करायचा, त्याला आधी विचारावे. उत्तर उशिरा येत असेल तर थांबावे. त्याच्या वतीने आपणच बोलू नये.