दचकलेल्या बोटाची परीक्षा

एकदा एका मोठ्या धरणाच्या पहारेदलात नव्या चापाचा प्रश्न निघाला. दलाजवळ साठ अर्धस्वयंचलित रायफली होत्या. दर गोळीला चाप ओढायचा, पुढची गोळी आपोआप नळीत चढायची. रायफली धडधाकट होत्या, पण वर्षानुवर्षे ओढून ओढून चाप झिजले होते. बदलण्यासाठी तीन निरनिराळ्या घडणींचे नमुने मागवले गेले, आणि त्यांतला कोणता घ्यावा हे लिहून देण्याचे काम शस्त्रशाळेतल्या सिद्राम नावाच्या तरुण कारागिराकडे आले.

सिद्राम हुशार होता आणि तितकाच उतावळा. अशी माणसे उत्तर आधी ठरवतात आणि मोजमाप मागाहून घेतात. तीन दिवस तो चांदमारीच्या मैदानावर सतरंजीवर पालथा पडून गोळ्या झाडत राहिला. पहिला चाप हलका. बोट टेकले न टेकले की गोळी सुटे. दुसरा दोन टप्प्यांचा. आधी सैल येई, मग बोटाला अडसर लागे, आणि त्यावर पुन्हा जोर दिला तरच सुटे. तिसरा जड, लांब ओढीचा. हलक्या चापाने त्याच्या दहाही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसल्या. दुसऱ्याने त्या वाटीएवढ्या पसरल्या आणि तिसऱ्याने ताटाएवढ्या.

म्हणजे निकाल लागला होता. शिवाय दिवाळीनंतर सगळ्या धरणांच्या पहारेदलांची नेमबाजीची स्पर्धा होती, आणि पाच वर्षे ढाल हुकलेली. दलाचे साहेब त्याला म्हणाले होते, ‘‘यंदा ढाल आण, शस्त्रशाळेचा मुख्य तूच.’’ अहवाल लिहून तयार झाला, पण सही होईना. सिद्राम कागद उचली, ठेवी, चाप पुन्हा काढी, पुन्हा बसवी. काय खुपते आहे ते त्याला सांगता येत नव्हते, आणि त्याचाच त्याला राग येत होता.

शेवटी तो वस्तादांकडे गेला. वस्ताद म्हणजे शस्त्रशाळेतून निवृत्त झालेले वृद्ध गुरू. सिद्रामला रायफल उघडायला आणि मिटायला त्यांनीच शिकवले होते. त्यांनी अहवाल वाचला, घडी घातली आणि विचारले, ‘‘कुणाच्या हातात तपासलंस?’’

‘‘माझ्याच की, वस्ताद.’’

‘‘कसा होतास त्या वेळी?’’

‘‘कसा म्हणजे? न्याहारी करून, निवांत.’’

वस्ताद त्याला घेऊन निघाले. ते मैदानावर आले, लक्ष्याचा कागद त्यांनी काढून टाकला आणि त्या जागी, मातीच्या बांधासमोर, अंगातला सदरा टांगला. रायफल रिकामी करून नळी स्वतः दोनदा तपासली, सिद्रामकडून तिसऱ्यांदा तपासून घेतली. मग म्हणाले, ‘‘कालव्यातनं दोन बादल्या पाणी आण. पळत.’’

‘‘वस्ताद, संध्याकाळी साहेबांना कागद द्यायचाय!’’

‘‘मग लवकर पळ.’’

सिद्राम मनातल्या मनात चरफडला. म्हातारपणी चळ लागतो म्हणतात तो हाच, असेही त्याला वाटून गेले. वस्तादांनी एकापाठोपाठ पाच खेपा करायला लावल्या. धापा टाकत तो आला, तेव्हा वस्तादांनी हलक्या चापाची ती रिकामी रायफल त्याच्या हाती दिली. ‘‘सदऱ्यावर नेम धर. बोट चापावर. मी सांगेपर्यंत ओढायचं नाही.’’

घाम डोळ्यांत उतरत होता. सिद्रामने नेम धरला. पाठीमागे वस्तादांनी अचानक पत्र्याच्या डब्यावर लोखंडी गज हाणला.

टक्.

चाप ओढला गेला होता. सिद्राम त्या सदऱ्याकडे बघतच राहिला.

‘‘पुन्हा,’’ वस्ताद म्हणाले.

आता आवाज होणार हे त्याला ठाऊक होते. तरी पाचांत तीनदा टक् झालेच. मग दोन टप्प्यांचा चाप बसवला. बादल्या पुन्हा, गज पुन्हा. बोट दचकून मागे आले आणि अडसराशी थांबले. चारदा थांबले, पाचव्यांदा मात्र त्यानेही दगा दिला. जड चाप एकदाही सुटला नाही.

‘‘मग जडच घ्यावा?’’ सिद्रामने गोंधळून विचारले.

‘‘त्याच्या गोळ्या ताटभर पसरल्या, हे तूच लिहिलंस. मारायचं एकाला आणि लागायचं शेजारच्याला, हीसुद्धा हत्याच.’’ वस्ताद खाली बसले. ‘‘सिद्राम, तुझं मोजमाप खोटं नाही. पण तू निवांत माणसाचा चाप मोजलास. पहाऱ्यावरचा माणूस निवांत नसतो. पहाटे धुक्यात जाळं घेऊन भोई पाण्यात उतरतो, काहीतरी वाजतं, आणि हा धरणाच्या भिंतीवरनं पळत येतो. बोट चापाबाहेर ठेवावं हा नियम त्यालाही पाठ असतो. पण घाबरलेल्या माणसाला नियम थोडा उशिरा आठवतो. तेवढा उशीर सोसेल तो चाप चांगला. चापाला काही शहाणपण नसतं. शहाणं व्हायला तो माणसाला क्षणभर देतो, एवढंच.’’

सिद्रामला शरम वाटली. साठ माणसांसाठी निवड करताना त्याने एकाही माणसाला विचारले नव्हते, आणि ज्याच्यावर नळी रोखली जायची त्या भोयाचा तर विचारही त्याच्या मनाला शिवला नव्हता. त्या संध्याकाळी तो साहेबांकडे रिकाम्या हाताने गेला, बोलणी खाल्ली आणि चार दिवस मागून घेतले. मग पहारा संपवून येणाऱ्या दमल्याभागल्या पहारेकऱ्यांना एकेक करून मैदानावर बोलावले आणि स्वतः डबा वाजवत उभा राहिला.

पाचव्या दिवशी साहेबांनी अहवाल उघडला. दुसऱ्या घडणीचा चाप घ्यावा, असे त्यात लिहिले होते.

‘‘आणि ढाल?’’ साहेबांनी विचारले.

‘‘ती खाली लिहिलीय, साहेब.’’

शेवटची ओळ अशी होती: ‘या चापाने स्पर्धेत आपले गुण कमी होतील. तरी शिफारस याचीच आहे.’ त्याखाली सिद्रामची सही होती.