धोत्रेबाईंचा कूलर

"पण बाई, बाहेरची गरम हवा आत येऊच कशाला द्यायची?"

प्रज्योतने लॅपटॉप टेबलावर पालथा ठेवला होता आणि मागच्या कडेवर बोट टेकवून विचारत होता.

धोत्रेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. वाकून पाहिलं.

लॅपटॉपच्या पोटाला खाकी पुठ्ठ्याचं नळकांडं चिकटवलेलं होतं. नळकांड्याचं दुसरं तोंड घरच्या कूलरसमोर धरायचं, म्हणजे गार हवा सरळ आत, अशी योजना. आणि मागच्या कडेला जी जाळी असते, तिच्यावर काळ्या फोमची पट्टी. इतकी नीट कापलेली, की कारखान्यातूनच तशी आली असावी.

"हे कोनं लावलं?"

"मी. अर्धा दिवस गेला कापण्यात."

"काहून?"

"बाहेर पंचेचाळीस आहे बाई. दुपारी आपण घराच्या खिडक्या लावतोच ना?"

अकोल्यात मूल धड बोलायला लागायच्या आधी हे शिकतं. मे महिना, अकरा वाजले, की दारं लाव, खिडक्या लाव, पडदा ओढ. प्रज्योतने तोच नियम लॅपटॉपला लावला होता आणि त्याला त्याचा अभिमान होता.

बाई तीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. आता घराच्या पुढच्या खोलीत लॅपटॉप दुरुस्त करतात. त्यांच्या वयाची माणसं न विचारता सल्ले देतात. बाई विचारल्यावरही देत नाहीत. छळ सारखाच.

प्रज्योत इंगळेने इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हा तो दुरुस्ती शिकायला बाईंकडे आला होता. आठ महिने बाईंनी त्याच्याकडून पंख्यांवरची धूळ झाडून घेतली. जानेवारीत त्याने ब्रश टेबलावर ठेवला. म्हणाला, "तुमच्याकडे नवीन काही नाही बाई."

बाई म्हणाल्या होत्या, "ब्रश धुऊन ठेव."

त्यानंतर तो आज आला होता. माफी मागायला नव्हे.

"चालते किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"वीस मिनिटं. मग आपोआप बंद."

"वेग वाढवला असन."

"पाच गिगाहर्ट्झ. कंपनीने दिलाय त्याच्या बराच वर. बाई, वेळ नाही माझ्याकडे. पुण्याचा एक अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आहे, त्यांनी परीक्षा म्हणून दहा सेकंदांचं दृश्य करायला दिलंय. दोनशे चाळीस चित्रं. मशीन एकेक चित्र बनवून काढतं. आज पाचपर्यंत पाठवायचीत."

"झाले किती?"

"एकाहत्तर. दोन दिवसांत."

"नाई पाठवले त?"

प्रज्योत हसला. चांगलं हसू नव्हतं ते.

"तर सोमवारपासून दालमिल. मामांची. वजनकाट्यावर बसायचं. बाबांनी शब्द दिलाय त्यांना. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं."

बाईंनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं.

त्या उठल्या. पुढचं दार लावलं. कडी घातली. बोळाकडची खिडकी लावली. वरची झडप दोरी ओढून पाडली. मग समोरच्या खिडकीत बसवलेला लोखंडी कूलर होता, त्याचं बटण शेवटच्या आकड्यावर नेलं.

"बस."

"बाई, मी सांगितलं ना..."

"दहा मिनिटं."

त्या कुणाचा तरी चार्जर उघडून सोल्डरचा डाग द्यायला बसल्या.

पहिली दोन मिनिटं बरी गेली. प्रज्योत बोलत राहिला. गप्प बसायची सवय त्याला नव्हती, आणि घरी ऐकणारं कोणी नव्हतं.

"कॉलेजात सर पडद्यावरचं वाचून दाखवायचे. तेही चुकीचं. चूक दाखवली तर म्हणायचे, इंगळे, तू इकडे येऊन शिकव. एकदा गेलो. तर आईवडिलांना बोलावून घेतलं."

बाईंनी डाग दिला. धूर वर गेला आणि तिथेच राहिला.

"बाबा म्हणतात, एवढा शहाणा आहेस तर पास का नाही झालास. आता याला काय उत्तर द्यायचं?"

बाईंनी पुढची तार चिमट्यात धरली.

"तुम्ही ऐकताय का?"

"कूलरचा आवाज आहे. थोडं थोडं."

पाच मिनिटांनी त्याचा शर्ट पाठीला चिकटला. कूलर घुरघुरत होता, पण वारा म्हणावा तसा काही येत नव्हता. नुसता ओलावा. ओली गोधडी तोंडावर टाकावी तसा. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान खाली लोंबलं. डागाचा धूर डोळ्यांत चुरचुरायला लागला.

बाई घामाने निथळत होत्या आणि निवांत होत्या.

"हे काय चाललंय बाई?"

बाईंनी आणखी एक तार सोलली.

"तिकडे एकशे एकोणसत्तर चित्रं राहिलीत माझी."

प्रज्योत उठला. खुर्ची मागे पडली, ती त्याने उचलली नाही. बोळाकडच्या खिडकीची कडी काढली आणि दोन्ही फळ्या धाडकन उघडल्या. उन्हाचा पट्टा आत आला. आणि त्याच क्षणी मागून कूलरचा झोत आला, खोलीभर फिरला, त्याच्या मानेला गार लागला. कॅलेंडरचं पान फडफडलं. धूर खिडकीतून बाहेर निघून गेला.

"काहून उघडली?" बाईंनी मान वर न करता विचारलं. "बाहेर पंचेचाळीस आहे म्हने."

"अहो, कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. एवढं तर शेंबड्या पोराला कळतं. तो आत हवा लोटतो, तर तिला बाहेर जायला..."

तो थांबला.

बाईंनी डागावर फुंकर मारली.

प्रज्योत टेबलाशी आला. मग फोमच्या पट्टीखाली नख घातलं. पट्टी निघाली, गोंद राहिला. बाईंनी स्पिरिटची बाटली त्याच्याकडे सरकवली. त्याने जाळीची एकेक फट पुसून काढली. आत गच्च धूळ. तीही काढली.

मग त्याने आपण होऊनच पुठ्ठ्याचं नळकांडं उपटलं.

"ह्याच्यातून ओली हवा गेली आत," बाई म्हणाल्या. "दोन दिवस."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे गेलंच हे."

बाईंनी झाकण उघडलं, टॉर्च मारला, बोर्डावरून बोट फिरवलं, बोट अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"कोरडं आहे."

त्याने झाकण परत बसवलं आणि लॅपटॉप सरळ केला.

"चालू कर," बाई म्हणाल्या. "आन् ते पाच खाली आन."

"खाली?"

"हो."

आता मात्र प्रज्योतचा संयम संपला. आधीही फारसा नव्हता.

"हेच. हेच येणार माहीत होतं मला. सगळ्या म्हाताऱ्यांचं एकच. घाई करू नको. हळू जा. पायरीपायरीने चढ. बाबा तेच, मामा तेच, सर तेच. स्वतः कुठे पोचले हळू जाऊन? मामा वीस वर्षं त्याच काट्यापाशी बसलेत. माझ्याकडे पाचपर्यंत वेळ आहे बाई, आणि तुम्ही वेग कमी कर म्हणता."

बाईंनी चार्जरचं झाकण लावलं. स्क्रू लावले. चारही.

"राहू दे मग पाच."

"काय?"

"तुहं मशीन आहे. राहू दे. फक्त दर मिनिटाले वेग वाचून दाखव. मोठ्यानं. मले चश्म्यातून दिसत नाई."

त्याने सुरू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे होते. तो वाचत गेला.

"पाच."

"हं."

"पाच. चित्र चाळीस सेकंदांत निघालं. बघा."

"हं."

"पाच."

पंख्याचा आवाज चढला. टेबलावरचे स्क्रू थरथरायला लागले.

"चार आठ."

"किती?"

"चार आठ. आता चार दोन. ताप सत्त्याण्णव डिग्री." त्याचा आवाज खाली आला. "तीन एक."

"हं."

"दोन चार."

"तू त पाच देल्ला होता."

"मी पाचच दिलाय. तेच कमी करतंय. जळू नये म्हणून."

"अन् चित्र?"

प्रज्योतने पाहिलं. "दीड मिनिट झालं. अजून निघालं नाही."

कूलर चालू होता. खिडकी उघडी होती.

"किती ठेवू बाई?"

त्यांच्याकडे तो ज्या दिवशी पहिल्यांदा आला, तेव्हापासून आजपर्यंत त्याने उत्तर आधीच ठरवून न ठेवता विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"मले काय मालूम," बाई म्हणाल्या. "त्याले विचार."

त्याने साडेचार लावून पाहिलं. चार मिनिटं टिकलं, घसरलं. चार लावलं. जरा जास्त टिकलं, घसरलं. तीन आठ लावलं.

आकडा हलला नाही.

एक चित्र निघालं. अठ्ठावन्न सेकंद. दुसरं निघालं. अठ्ठावन्न सेकंद. ताप चौऱ्याऐंशीवर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. पंख्याचा आवाज आता सुरात होता, जसा घरातल्या कुठल्याही पंख्याचा असतो, आहे हे विसरायला होतं तसा.

दीड वाजायला आला होता. प्रज्योतने बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला.

"सव्वाचारला होतील," तो हळूच म्हणाला.

बाईंनी डबा उघडून भाकर खाल्ली. त्याला विचारलं, तो नको म्हणाला. पुन्हा विचारलं नाही. दोन वाजता त्या खुर्चीतच झोपल्या. तोंड उघडं, चष्मा कपाळावर, घसा घरघरतोय. त्या वेळी त्या गुरू वगैरे कोणी वाटत नव्हत्या.

प्रज्योत जागा होता. मधून मधून तो लॅपटॉपच्या मागे तळवा धरायचा. जाळीतून गरम हवा एकसारखी बाहेर येत होती. दोन दिवस हिचीच त्याला भीती वाटली होती. आता ती तळव्याला लागली, की तो पुढच्या चित्राची वाट पाहायचा.

दोनशे. दोनशे दहा. दोनशे तीस.

चार वाजून दहा मिनिटांनी दोनशे चाळिसावं चित्र पडद्यावर आलं. तो त्याच्याकडे बघत बसला. मग धडपडत उठून त्याने खिशातला फोन काढला. सकाळी बाबांचं नाव पाहायला नको म्हणून त्याने तो बंद करून टाकला होता. आता पाठवायला त्याचंच इंटरनेट लागणार होतं.

फोन सुरू झाला आणि बराच वेळ थरथरत राहिला. घरून आलेले छत्तीस कॉल.

त्याने तिकडे पाहिलं नाही. चित्रं एकत्र जोडली. पाठवली. पडद्यावरची पट्टी इंचाइंचाने सरकत भरली. पाच मिनिटांत पुण्याहून उत्तर आलं. मिळालं, एवढंच लिहिलं होतं.

प्रज्योतने कपाळ टेबलावर टेकवलं. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला भूक लागली.

बाई जाग्या झाल्या. "झालं?"

"झालं बाई."

"हं."

"घेतील का मला?"

"मले काय मालूम."

आणि फोन वाजला.

प्रज्योतने उचलला. आवाज एवढा मोठा होता, की बाईंना खोलीच्या दुसऱ्या टोकाला सगळं ऐकू आलं.

"अबे कुठं मेला तू? सकाळपासून फोन बंद. ऊन लागलं का काय म्हनून तीन दवाखाने पाह्यले. एका ठिकानी तुह्यासारख्याच निळ्या शर्टाचा पोट्टा झाकून ठेवला होता. चादर मी काढली बे. मी. ह्या हातानं. तुले काही कळते का? मायनं तुह्या पान्याचा घोट नाई घेतला. नालायक, एक फोन करता येत नाई..."

प्रज्योतच्या ओठांवर उत्तर आलेलं दिसत होतं. एक नव्हे, चांगली तीन वर्षांची उत्तरं. दुसऱ्या क्षणी त्याने फोन कानापासून दूर केला आणि अंगठा तांबड्या बटणाकडे नेला.

बाईंनी एक बोट वर केलं. बस, तेवढंच.

अंगठा थांबला. त्याने फोन परत कानाला लावला.

वडील बोलत राहिले. कॉलेज निघालं, फी निघाली, लॅपटॉप निघाला, शेजाऱ्याचा पोरगा निघाला. अर्ध्या गोष्टी खोट्या होत्या आणि उरलेल्या जुन्या. प्रज्योत ऐकत राहिला. मग दोन वाक्यांमधली अंतरं वाढत गेली. एकदा नुसता श्वास ऐकू आला.

"...आहे ना तू?"

"आहे बाबा."

"कुठं आहे?"

"धोत्रेबाईंकडे. आयटीआयच्या."

पलीकडे बाबांनी तोंड बाजूला करून आईला सांगितलं, सापडला.

"बरं. ते दालमिलचं पाहू मंग. मामाले मी सांगतो काहीतरी. तू घरी ये पहिले."

फोन बंद झाला. प्रज्योत तो हातात धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे हलकेपण होतं, ते चित्रं पाठवली तेव्हाही नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "मी तर काहीच बोललो नाही."

बाईंनी चष्मा खाली ओढला आणि पुढचा लॅपटॉप जवळ घेतला.

"जाय आता. जेवले नसतीन ते."