भिवरेने खरं सांगितलं

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे मध विकणारा एक माणूस राहायचा. बोलणंही त्याचं मधासारखंच गोड. घरात शिरला की मात्र तोच माणूस आपल्या आईवेगळ्या लेकीला, भिवरेला, काठीने मारायचा. शेजाऱ्यांच्या कानांवर सगळं यायचं, पण ते म्हणायचे, “बापच आहे. घरातलं घरात राहू द्यावं.”

एकदा बापाने भिवरेला मधाची बरणी देऊन पलीकडच्या गावातल्या शाळेत पाठवलं. बरणी ठेवायला ती वाकली, तेव्हा तिथल्या बाईंना तिच्या पाठीवरचे वळ दिसले.

“हे काय गं?”

“पडले, बाई.”

“पडल्यावर गुडघे फुटतात, पोरी. पाठीवर वळ उठत नाहीत.”

खरं सांगितलं तर घर तुटेल आणि बाप जीव घेईल, असं भिवरेला वाटलं. पण असं कुणी आजवर विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, “बाबा मारतात. मला परत पाठवू नका.”

“नाही पाठवणार,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी बाप आलाच. हात जोडून त्या गावच्या पाटलांना म्हणाला, “पोर खोटारडी आहे हो! माझी लेक माझ्या हवाली करा.”

पाटलांनी भिवरेला विचारलं. ती बापासमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं.

पाटील म्हणाले, “जन्म दिला म्हणून मारायचा हक्क मिळत नाही. पोर बाईंकडेच राहील. पुन्हा या वेशीत पाऊल टाकू नकोस.”

शिकणं काही सोपं गेलं नाही. बाईंनी फळ्याकडे हात उचलला तरी भिवरा अंग चोरायची. मग बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसून पाटीवर अक्षरं काढू लागल्या. भिवरा चुकायची, चिडायची, पाटी पालथी घालायची. बाई कधी रागावल्या नाहीत. हळूहळू ती वाचू लागली, मग धाकट्या मुलांना गोष्टी वाचून दाखवू लागली.

काही वर्षांनी राजाने नव्या शाळेसाठी शिक्षकांची परीक्षा घेतली. भिवरा पहिली आली. भर दरबारात प्रधानांनी विचारलं, “कोणाच्या घरची गं तू?”

गर्दीत बसलेल्या बाई काळजीने पुढे झुकल्या.

भिवरा मान ताठ ठेवून म्हणाली, “मार खाऊन घर सोडलेली मुलगी आहे मी. घर सोडलं, म्हणून शिकले. त्याची मला लाज वाटत नाही.”

मग प्रधान आसनावरून उठले. “नव्या शाळेला अशीच बाई हवी,” ते म्हणाले.

बाईंचे डोळे भरून आले. शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसत त्या म्हणाल्या, “माझी विद्यार्थिनी आहे बरं का ती!”

तात्पर्य: मुकाट्याने मार सोसणं हा मोठेपणा नव्हे. खरं सांगायला धीर लागतो, ते ऐकून घेणारं माणूस लागतं आणि पुढची वाट विद्या दाखवते.