वाकणगडाची तोफ

या बुरुजावर तोफ नाही, नुसता चौथरा आहे. तरी याला तोफेचा बुरूजच म्हणतात. आणि आमच्या गावचा फौजी कुठल्याही सरहद्दीवर असो, जेवायला लंगरात शिरला की विचारणार, "तोफ शिजली का?" मी हवालदार होतो. चोवीस वर्षं मीही तेच विचारत आलो. हसा खुशाल, पण ऐका.

फार मागं गडाला वेढा पडला होता म्हणे. चैत्राचे दिवस, टाकी आटलेली, आणि शत्रूनं छावणी टाकली ती नेमकी पायथ्याच्या झऱ्यावर. वर साठ माणसं आणि पाणी दोन दिवसांचं. गडाची एकुलती एक तोफ आदल्या साली फुटलेली. किल्लेदार रायाजी शिंगटे गड सोडायच्या बेताला आले.

तेव्हा मुदपाकात रांधणारी येसाक्का पुढं झाली. बाई मोठी फटकळ. म्हणाली, "तोफ नाही म्हणून रडता कशाला? तिच्यासारखं काहीतरी दाखवा की." आणि तिनं शिबंदीच्या भाताचा हंडा काढून दिला. काजळीनं काळाकुट्ट, आत माणूस बसेल एवढा. फुटक्या तोफेच्या गाड्यावर तो आडवा बांधला, तोंड छावणीकडं. खालच्यांनी ते तोंड पाहिलं आणि दुपारच्या आत छावणी अर्धा कोस मागं सरकली. झरा मोकळा झाला.

पण हंडा बुरुजावर, बाकीची भांडी पाण्याला लागलेली. शिपायांनी अकरा दिवस भिजवलेले हरभरे चावले. बुरुजाकडं बघून म्हणायचे, "काय रे, तोफ कधी शिजायची?" ही बोली तिथून पडली, असं सांगतात. येसाक्कानंही नेम केला, हंडा चुलीवर चढल्याशिवाय शिजलेला घास घेणार नाही.

बाराव्या दिवशी सलूख झाला आणि हंडा बुरुजावरून उतरून चुलीवर चढला. शत्रूचा सरदार गडावर जेवायला आला आणि म्हणाला, "मला हलवणारी ती तोफ आधी दाखवा." रायाजी येसाक्काकडं वळले. खरं कळलं तर सलूख मोडणार. येसाक्कानं मात्र शांतपणे पान मांडलं, हंड्यातला वाफाळता भात वाढला आणि सांगितलं, "हीच ती."

सरदार हंड्याकडं बघत राहिला. मग पोट धरून हसला. हसू ओसरल्यावर त्यानं विचारलं, "मग इतके दिवस तुम्ही खाल्लं काय?"

"हरभरे."

त्यानं घास घेतला नाही. समोरचं पान उचलून येसाक्कापुढं ठेवलं. बारा दिवसांनी शिजलेला पहिला घास ती बाई शत्रूच्या पानातला जेवली.

आजही जत्रेला हंडा चढतो. पहिलं पान गावकऱ्याचं नाही, परक्याचं. आज जत्राच आहे, तेव्हा पाहुणे, बसा. पण लगेच हात घालू नका. पान आधी वाढणाऱ्या बाईपुढं सरकवायचं.