केरबाने आणलेले टायर आणि टेकवाडीचा रस्ता

डोंगरावर टेकवाडी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा पिकपवाला होता. गाडी झकास चालवायचा. पण सांगितलेला शब्द तो जसाच्या तसा धरायचा.

त्या वर्षी टेकवाडीला डांबरी रस्ता झाला. म्हणजे कागदावर झाला. प्रत्यक्षात सहा किलोमीटर दगडगोटेच होते. आता रस्ता तपासायला तालुक्याचे साहेब येणार होते. सरपंच दौलततात्यांचा जीव टांगणीला लागला.

पण तात्यांना एक गोष्ट ठाऊक होती. साहेब रस्ता डोळ्यांनी तपासत नसत, कमरेनं तपासत. गाडीत बसले की डोळे मिटायचे. उतरताना कंबर दुखली नाही तर रस्ता पास.

तात्यांनी केरबाला बोलावलं.

"केरबा, साहेबांना तुझ्याच पिकपमधून आणायचंय आणि टायर तर पार गेलेत. शहरात जा आणि मजबूत टायर आण. दगड असो, चिखल असो, कुठंही चालला पाहिजे."

केरबा शहरात गेला. दुकानदार इस्माईलभाईंनी एक दांडगा टायर पुढ्यात ठेवला.

"घ्या मामा. डांबर, मुरूम, चिखल, कुठंही चालतो."

केरबा टायरसमोर उकिडवा बसला.

"चाल," तो म्हणाला.

टायर हलला नाही. केरबाने तासभर वाट पाहिली. मग उठला आणि रिकाम्या हाताने घरी आला.

"तात्या, दुकानदार लबाड आहे. त्याचा टायर पाऊलभरही चालला नाही."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "अरे येड्या, गाडीला लावल्याशिवाय टायर चालतो होय? आधी लावायचा, मग बघायचं!"

"असं होय," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शहरात गेला. इस्माईलभाई जेवायला गेले होते. दुकानाबाहेर खांबाला चार टायर टांगलेले होते. केरबाने ते काढले, गाडीला लावले, आणि मग बघितलं. टायरवर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं, 'पंक्चर काढून मिळेल'. ती दुकानाची पाटी होती. चारही टायर तळहातासारखे गुळगुळीत होते. गाडी घाटात तीनदा मागे घसरली.

या वेळी तात्यांनी कपाळाला दोन्ही हात लावले.

"टायरची नक्षी बघायची असते रे! खोल नक्षी असेल तर दगडाला धरतो. गुळगुळीत झालेली वस्तू काय कामाची? फेकून द्यायची!"

"असं होय," केरबा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याने पाटीचे टायर परत केले, शिव्या खाल्ल्या आणि खरे टायर आणले. जाड, रुंद, खोल नक्षीचे. इस्माईलभाईंनी सांगितलं, "दगडाच्या वाटेला हवा जराशी कमी ठेवा, धक्के बसणार नाहीत." केरबाने हवा जराशी कमी ठेवली. तात्या गाडीत बसून बघायला गेले आणि तिसऱ्या वळणाला त्यांना डुलकी लागली.

"रस्ता पास!" जागे होऊन तात्या म्हणाले.

त्यांनी आणखी एक शहाणपणा केला. साहेब जिथं उतरणार, त्या शाळेपुढं पन्नास पावलं डांबर टाकून घेतलं. फोटोपुरतं. बाकीचं टायर सांभाळून घेणार होते.

त्या संध्याकाळी तात्यांच्या घरी साहेबांच्या जेवणाची तयारी चालली होती. सरपंचीणबाई म्हणाल्या, "केरबाभावजी, मसाला वाटायचाय. तेवढा पाटा धुऊन द्या."

केरबाने पाट्यावर हात फिरवला. पाटा गुळगुळीत झाला होता. त्याने तो उचलला आणि विहिरीत फेकला.

"अहो, पाटा कुठाय?"

"विहिरीत. गुळगुळीत झाला होता, वहिनी."

"अरे देवा! माझ्या सासूच्या हातचा पाटा! गुळगुळीत झाला म्हणून कुणी फेकतं का? छिन्नी-हातोडा घ्यायचा आणि टाकी लावायची! टोचून टोचून खडबडीत करायचा, की पुन्हा नव्यासारखा होतो."

केरबाला फार वाईट वाटलं. रात्री जेवण गेलं नाही. तात्यांनी एवढ्या विश्वासाने कामं सांगितली आणि आपण प्रत्येक वेळी घोळ घातला. 'आता एक तरी काम न सांगता नीट करायचं,' त्याने ठरवलं.

उजाडलं. तात्या हार घेऊन हमरस्त्यावर जाऊन उभे राहिले. केरबा दुपारी बाराला तालुक्याहून साहेबांना घेऊन तिथं आला आणि तात्या मागे चढले. वाटेत एकही धक्का बसला नाही. साहेब घोरत होते. तात्या मागे हौद्यात उभे राहून मनातल्या मनात पेढे वाटत होते.

गाडी शाळेपुढं थांबली. साहेबांनी डोळे उघडले, कंबर चाचपली आणि खूश झाले.

"वा दौलतराव! लोण्यासारखा रस्ता केलात!"

असं म्हणून ते खाली उतरले आणि पाय मुरगळून तिथंच मटकन बसले.

पन्नास पावलांच्या डांबरात बोटबोट खोल खड्डे होते. एकाशेजारी एक, मोजून मारल्यासारखे. पहाटेपासून कुणीतरी छिन्नी चालवत होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं होतं, पण कुणी हटकलं नाही. सरकारी काम असंच असणार, असं सगळ्यांना वाटलं.

"हे काय आहे?" साहेब ओरडले.

 केरबा हात जोडून पुढे झाला.

"साहेब, एवढा तुकडा पार गुळगुळीत झाला होता. मी टाकी लावली. बाकीच्या सहा किलोमीटरला कुणीतरी आधीच लावून ठेवलीय. चला, परत फिरू, दाखवतो. या वेळी तेवढे डोळे उघडे ठेवा."